मघा नक्षत्रातलं मीठ

शिरोड्याच्या मिठागरावर गुरुदास गावड्याची ख्याती पाऊस सांगणारा माणूस अशी होती. बंगळूरच्या ज्या संस्थेत तो नोकरीला होता तिथे कुणी त्याला विचारलं असतं, तर त्याने सांगितलं असतं की आपण ताऱ्यांच्या भोवतालच्या वायूत कोणती रसायनं तयार होतात ते शोधतो, आणि पावसाशी आपला संबंध छत्री विसरण्यापुरता आहे. पण शिरोड्यात त्याला कुणी विचारलं नाही. गावाने एकदा ठरवलं की अमक्याला अमुक येतं, की मग त्यात त्या अमक्याचं मत घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही.

गुरुदासचे वडील लवू गावडे मिठागरावरच खपले. गुरुदास तेव्हा नऊ वर्षांचा, आणि आई त्याआधीच गेलेली. राहिली मोठी बहीण. तिचं नाव नर्मदा, पण ते नाव फक्त रेशनकार्डाला ठाऊक होतं. बाकी साऱ्या गावाची ती अक्का. तिला जवळच्या रेडी गावात दिली होती. नवरा गलबतावर गेला तो आलाच नाही, तेव्हा विसाव्या वर्षी ती माहेरी परतली, वडिलांचे सात वाफे ताब्यात घेतले आणि भावाला पहिली गोष्ट ही बजावली की मिठात पाय घालशील तर पाय मोडून ठेवीन. गुरुदासने आज्ञा पाळली. शिरोड्याची शाळा, सावंतवाडीचं कॉलेज, कोल्हापूरची एमएस्सी आणि मग बंगळूरला पीएचडी, असा तो मिठापासून लांब लांब जात राहिला. त्याच्या प्रत्येक परीक्षेच्या मागे अक्काचे खाऱ्या पाण्याने चिरलेले पाय होते, हे तो कधी विसरला नाही. विसरता येण्यासारखे ते पाय नव्हतेच.

मीठ पिकवणं हे वरून दिसतं तितकं सोपं काम नाही. भरतीचं पाणी बांधाच्या दारातून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात असं फिरवत फिरवत उन्हाने आटवायचं, आणि तळाशी दाणा धरला की लाकडी फळीने ओढून बांधावर ढीग घालायचा. डिसेंबरात सुरू झालेलं हे काम मे महिन्यापर्यंत चालतं. सगळ्यांत चांगलं मीठ शेवटचं. मेच्या उन्हात दाणा तुरीएवढा होतो आणि शुभ्र पडतो. पण सगळी गोम त्या शेवटच्या मिठातच असते. एक दिवस जास्त थांबलं तर पीक वाढतं, आणि नको तितका एक दिवस थांबलं तर वळीव येऊन सगळ्याचं पुन्हा पाणी करून जातो. कधी ओढायचं, हा प्रश्न शिरोड्यात दर मे महिन्यात पडतो, आणि त्याचं उत्तर चुकलेली माणसं पुढे वर्षभर आपल्या नशिबाला बोल लावत बसतात.

१९८१ साली गुरुदासला नोकरी लागली, आणि त्याच मेमध्ये तो नव्या बायकोला घेऊन घरी आला. बायको वेंगुर्ल्याची, सरला नाव, बंगळूरच्याच एका शाळेत गणित शिकवणारी. दिवेलागण झाल्यावर तिघं घरापुढच्या खळ्यात बसली असताना अक्काने भावाला विचारलं की तू तिथे नेमकं करतोस काय. हा प्रश्न तिने पहिल्यांदाच विचारला होता, म्हणून गुरुदास हुरळला. त्याने आकाशातला मघा नक्षत्राचा ठळक तारा बोटाने दाखवला. म्हणाला, त्याच्या शेजारी एक तारा आहे, डोळ्यांना दिसत नाही, म्हातारा झालाय, आपल्या अंगातला धूर आणि काजळी बाहेर टाकतोय, त्या धुरात काय काय आहे ते मी बघतो. अक्काने धूर आणि काजळी सोडून दिली. तिने त्यातला मघा तेवढा उचलला.

मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा. कोकणातल्या बाईला ही पावसाची नक्षत्रं नवऱ्याच्या नावाइतकी पाठ असतात, फरक इतकाच की ही ती घेऊ शकते. सरकार एका शिकलेल्या माणसाला पगार देऊन बारा महिने मघावर नजर ठेवायला बसवतं, ते पावसासाठी नाही तर कशासाठी? अक्काला भावाची नोकरी स्वच्छ कळली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती सगळ्या मिठागरालाही कळली.

पुढच्या वर्षी एप्रिलात बंगळूरला पोस्टकार्ड आलं. धोंडू पोस्टमनने अक्काच्या सांगण्यावरून लिहिलेलं, आणि त्यात एकच प्रश्न होता: यंदा मीठ कधीपर्यंत ठेवावं? गुरुदास चहा घेता घेता हसला, सरलाही हसली. मग तो लिहायला बसला आणि अडला. आपलं काम पावसाचं नव्हे, हे अक्काला कळवायचं म्हणजे एक वर्षभर तिने गावात जे सांगितलं ते खोटं पाडायचं. तो माणूस बहिणीला नाही म्हणू शकणाऱ्यांतला नव्हता. शिवाय त्याच्याकडे सांगण्यासारखं थोडंसं होतंही, आणि गोंधळ तिथेच झाला.

त्याची दुर्बीण म्हणजे आरशाची नव्हे. दहा मीटर रुंदीची एक तबकडी, ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी गोळा करणारी. तिला दिवस काय आणि रात्र काय, सारखंच. मेमध्ये तो मघाशेजारचा तारा दुपारीच उगवतो, आणि गुरुदास जेवून हात पुसत पुसत त्याच्यामागे लागत असे. तबकडीचं वैर एकाच गोष्टीशी: हवेतल्या बाष्पाशी. बाष्प वाढलं की लहरी वाटेतच मुरतात आणि खाली काही पोचत नाही. म्हणून रोज काम सुरू करण्याआधी हवेत किती पाणी आहे ते मोजून वहीत लिहायचं, असा तिथला शिरस्ता होता. मेमध्ये तो आकडा हळूहळू चढायला लागे, आणि मग एके दिवशी तबकडीला कुलूप घालून सगळे पावसाळाभर हिशेब करायला बसत. मे उजाडल्यावर गुरुदासने त्या आकड्यांकडे पाहून अक्काला लिहिलं: आमच्याकडे हवेत पाणी वाढायला लागलं आहे, वीस तारखेच्या आत ओढून घे. अक्काने एकोणीसला ओढलं. बावीसला वळीव कोसळला.

काकतालीय म्हणा, नाहीतर खरोखरच त्या आकड्यांत काही तथ्य होतं म्हणा, पण १९८२ ते १९८५ या चारही वर्षी गुरुदासचं कार्ड खरं ठरलं. आता धोंडू ते कार्ड आधी बांधावर उभा राहून मोठ्याने वाचायचा आणि मग अक्काच्या हातात द्यायचा. शेजारच्या वाफ्यांची जानकी आणि आणखी तीन घरं आपापल्या अंदाजांना रजा देऊन कार्डाची वाट बघू लागली. सरला नवऱ्याला अधूनमधून टोचायची की एकदा खरं काय ते सांगून टाक. गुरुदास म्हणायचा, सांगू की. पण या बाबतीत त्याने मिठाची गुळणी धरली होती. खरं सांगायचं तर त्याला ते आवडू लागलं होतं. बंगळूरला त्याच्या कामाची वाट बघणारं कुणी नव्हतं. इथे पाच घरं बघत होती.

मिठाचं वेड त्याच्या डोक्यात १९८४ मध्ये शिरलं. त्याच्या क्षेत्रात तेव्हा सुगी होती. ताऱ्यांमधल्या ढगांत कुणाला मद्यार्क सापडला होता, कुणाला मुंगीच्या डंखातलं आम्ल, कुणाला नवसागरासारखा झोंबणारा अमोनिया. एवढा सगळा स्वयंपाक आकाशात मांडलेला, आणि त्यात मीठ नाही, हे लवू गावड्याच्या मुलाला पटेना. त्याने कागदावर हिशेब मांडला. त्या म्हाताऱ्या ताऱ्याच्या अगदी जवळ, जिथे धूर अजून तापलेला असतो, तिथे सोडियम आणि क्लोरिन एकत्र येऊन साधं खाण्याचं मीठ वायुरूपात असायला हवं. विभागप्रमुखांनी कागद पाहिला, हरकत नाही म्हणाले, पण हाती काही लागेल असं वाटत नाही हेही म्हणाले. बाकीचे त्याला गमतीने मीठवाला म्हणू लागले. गुरुदासला त्यात चिडवण्यासारखं काय आहे तेच कळलं नाही. तो होताच मीठवाला, तीन पिढ्यांचा.

असला शोध लागतो कसा, हे थोडक्यात सांगायला हवं. प्रत्येक रेणू स्वतःभोवती फिरताना ठरावीक लहरी सोडतो, आणि त्या कागदावर ठरावीक जागी लहानशा उंचवट्यासारख्या उमटतात. मिठाच्या अशा खुणा कुठे यायला हव्यात ते आधीच ठाऊक असतं. एक खूण सापडली तर योगायोग असू शकतो, दोन सापडल्या तर दुसराच कुठला रेणू फसवत असू शकतो, तीन सापडल्या की मग बोलायची हिंमत करावी. गुरुदासला पहिली खूण १९८६ च्या फेब्रुवारीत दिसली, सतरा दिवसांची निरीक्षणं एकावर एक रचल्यावर. दुसरी एप्रिलच्या शेवटी. दोन्ही जिथल्या तिथे. त्या संध्याकाळी तो घरी गेला आणि सरलाला म्हणाला, मीठ आहे. जगात अजून कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, या कल्पनेने त्याची छाती भरून आली होती.

राहिली तिसरी. ती सगळ्यांत अंधुक, आणि मे उजाडलेला. त्याला कोरड्या हवेचे आणखी दहा-बारा दिवस हवे होते, फार नाही. पावसाळा संपेपर्यंत थांबायचं तर युरोपात त्याच्या तबकडीच्या तिप्पट मोठी तबकडी नुकतीच चालू झाली होती, आणि तिथली माणसं काही झोपलेली नव्हती. त्या मिठावर पहिलं नाव शिरोड्याच्या गावड्यांचं लागावं, एवढंच त्याला हवं होतं. आयुष्यात त्याने दुसरं काही इतक्या हावरेपणाने मागितलं नव्हतं.

बारा मेला अक्काचं कार्ड आलं. दाणा यंदा कधी नव्हे असा टपोरा धरला आहे, ओढायला मन होत नाही, किती दिवस ठेवू ते लवकर कळव.

हवेतल्या पाण्याचा आकडा दोन दिवसांपूर्वी चढला होता. काल आणखी चढला होता. गुरुदासने वहीत तो स्वतःच्या हाताने लिहिला होता आणि लिहिताना स्वतःला सांगितलं होतं की मध्येच एखादा दिवस असा येतो, परवा पुन्हा उतरेल. उतरायलाच हवा होता, नाहीतर तिसरी खूण गेली. ज्या हाताने त्याने आकड्याचा असा अर्थ लावला त्याच हाताने मग कार्ड लिहिलं: अक्का, काळजी करू नको, हवा अजून कोरडी आहे, आठ दिवस खुशाल ठेव.

कार्ड पेटीत टाकायला सरला निघाली होती. तिने ते वाचलं आणि विचारलं, "हे खरं आहे का?"

"असेल," गुरुदास म्हणाला.

गणिताच्या बाईला असलं उत्तर चालत नाही. पण नवऱ्याचा चेहरा पाहून ती कार्ड घेऊन पेटीकडे गेली. आपण तेव्हा बोलायला हवं होतं, हे ती पुढे कितीतरी वर्षं म्हणत राहिली.

कार्ड शिरोड्याला सतराला पोचलं. अठराला दुपारी चार वाजता वळीव आला आणि दोन तास पडला. अक्काचे सात वाफे, जानकीचे पाच, आणि बाकीच्या तीन घरांचे, सगळ्यांचं मीठ आलं तसं गेलं. बंगळूरला तोवर तबकडीला कुलूप लागलं होतं आणि तिसऱ्या खुणेच्या जागी कागदावर नुसतं गवत उगवल्यासारखं दिसत होतं. अक्काच्या पुढच्या कार्डात एवढंच होतं: मीठ गेलं. तू वाईट वाटून घेऊ नको, पाऊस कुणाच्या हातात आहे.

ते कार्ड गुरुदासने वाचलं आणि टेबलाच्या खणात पालथं घालून ठेवलं. त्या वर्षी चतुर्थीला तो घरी गेला नाही. काम आहे म्हणून कळवलं. काम काही नव्हतं. अक्काने एका शब्दाने दोष दिला असता तर तो धावत गेला असता, पण तिने वाईट वाटून घेऊ नको लिहिलं होतं, आणि त्याच्याने तिच्यासमोर उभं राहवेना. हिवाळ्यात तबकडीचं एक यंत्र बिघडलं आणि तीन महिने दुरुस्तीत गेले. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. १९८७ च्या एप्रिलात अक्काचं नेहमीचं कार्ड आलं, कधीपर्यंत ठेवू म्हणून विचारणारं. गुरुदासने घाबरून दहा मेलाच ओढायला सांगितलं आणि दाणा पुरता भरायच्या आतच निम्मं पीक घालवलं.

त्याच पावसाळ्यात संस्थेच्या वाचनालयात नवं नियतकालिक आलं. त्यात युरोपातल्या दोघांचा निबंध होता. तोच तारा, तेच मीठ. त्यांना दोन नाही, तीन नाही, चांगल्या सहा खुणा सापडल्या होत्या. गुरुदासने निबंध उभ्यानेच वाचला. त्यांनी काम चोख केलं होतं, नाव ठेवायला जागा नव्हती. विभागप्रमुख समजूत घालायला आले, म्हणाले की तुझा हिशेब बरोबर होता हे तर सिद्ध झालं. गुरुदासने मान हलवली. त्याला त्या क्षणी, का कोण जाणे, अक्काचे वाफे डोळ्यांसमोर आले. त्याच संध्याकाळी त्याने रजेचा अर्ज दिला आणि तिसऱ्या दिवशी तो शिरोड्यात उतरला.

अक्का पडवीत माडाच्या झावळांचे झाप विणत बसली होती. सत्तेचाळीस वर्षांची, पण हात तरण्या बाईसारखे चालत होते. भावाला भिजलेला पाहून ती म्हणाली की चतुर्थीला अजून महिना आहे, आणि पंचा आणून दिला. गुरुदासने डोकं पुसलं नाही. पंचा मांडीवर घेऊन तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"अक्का, गेल्या मे म्हयन्यात न्हय, त्याच्या आदल्या मेत, मी तुका खोटां लिवलंय," तो म्हणाला. "हवेत पाणी वाढलां होतां. माका दिसत होतां. पण माका माझां मीठ होया होतां."

"तुझां मीठ? खंयचां?"

मग त्याने सगळं सांगितलं. सहा वर्षांत जे खळ्यात अर्धं राहिलं होतं ते सगळं: म्हातारा तारा, त्याचा धूर, धुरातलं मीठ, दोन खुणा आणि न मिळालेली तिसरी, आणि युरोपातली ती दोघं. आपण पावसाचा माणूस नव्हेच, कधीच नव्हतो, हेही सांगितलं. अक्काचा हात एकदाही थांबला नाही. तो बोलायचा थांबल्यावर तिने विणलेली ओळ घट्ट केली.

"ता मीठ आसा मां थंय?" तिने विचारलं. "नक्की?"

"आसा."

"मगे बरां झालां."

गुरुदासला वाटलं तिला नीट कळलंच नाही. तो पुन्हा सांगायला लागला, तर तिने त्याला हाताने गप्प केलं. म्हणाली, वळीव आला त्या दिवशी सकाळीच हुमले, ते मोठे तांबडे मुंगळे, अंडी तोंडात धरून भिंतीवर चढत होते. समुद्राची गाज दक्षिणेकडून येत होती. पाऊस आज ना उद्या येणार, हे तिला तुळशीला पाणी घालतानाच कळलं होतं.

"मगे थांबलस कित्याक?" गुरुदासने विचारलं.

"तुझां पत्र इलां होतां मां," अक्का म्हणाली. "हुमल्यांचां ऐकूचां नि तुझां सोडूचां, तर तुका शाळेत कित्याक धाडलंय मी?"

गुरुदासला रडू फुटलं. सदतीस वर्षांचा, डोक्याचे केस अर्धे गेलेला माणूस बहिणीच्या पुढ्यात पंच्यात तोंड घालून रडला. युरोपातल्या त्या निबंधाने त्याच्या डोळ्यांत टिपूससुद्धा आलं नव्हतं. अक्काने त्याला रडू दिलं. मीठ वाया गेल्याचं तिला वाईट वाटलंच होतं, ते ती नाकारणार नव्हती, पण तिच्या हिशेबी ती गोष्ट दरसालची होती. राग तिला आला तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि तो तिने रडणं संपल्यावर काढला.

"जानकी नि बाकीची तीन घरां तुझ्या पत्रार थांबली," ती म्हणाली. "माका सांगितलस, आता तेंका सांग. मी नाय सांगूचंय."

भर पावसात गुरुदास चार घरं फिरला. पहिल्या दोन घरांतल्या म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं आणि त्याच्यावर काडीचाही विश्वास ठेवला नाही. मोठा माणूस आहे, मोठेपणा घेत नाही, असं त्यांचं मत पडलं. तिसऱ्या घरी चहा मिळाला आणि वर चार उपदेश. जानकीने मात्र शेवटपर्यंत ऐकलं. तिच्या मुलीचं लग्न त्या वर्षी पुढे ढकलावं लागलं होतं, ते गुरुदासला तेव्हा तिच्याकडूनच कळलं. ती म्हणाली की सांगितलंस ते बरं केलंस, आता जा. तो गेला. वाटेत त्याला आपली लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

निघायच्या दिवशी त्याने अक्काला विचारलं की आता पुढल्या वर्षी कार्ड नको ना पाठवू. सहा वर्षं तो ते कार्ड लिहीत आला होता, आणि ते थांबावं असं त्याला मनातून वाटत नव्हतं.

"धाड," अक्का म्हणाली. "पण कळलां नाय तर कळलां नाय म्हणान लिही."

१९८८ चा फेब्रुवारी बंगळूरला अगदी कोरडा गेला. दुरुस्त झालेल्या यंत्रावर गुरुदासला तिसरी खूण सापडली, स्वच्छ, जिथे यायची तिथेच. त्यातून जेमतेम दोन पानांचा एक लहान निबंध झाला. आधी लागलेला शोध बरोबर आहे एवढंच त्यात म्हटलं होतं, आणि पहिल्याच ओळीत त्या दोघांची नावं होती. गुरुदासने तो निबंध आनंदाने लिहिला. त्याने नंतर आणखी अठरा वर्षं त्या ताऱ्याचा धूर धुंडाळला, त्यात बऱ्याच गोष्टी शोधल्या, काही पहिल्यांदा आणि काही दुसऱ्यांदा, पण संस्थेतली माणसं त्याला अखेरपर्यंत मीठवालाच म्हणत राहिली.

त्या मेमध्ये हवेतल्या पाण्याच्या आकड्याला काही ताळतंत्र नव्हतं. एक दिवस वर, दोन दिवस खाली. अक्काचं कार्ड आलं तेव्हा गुरुदास वही पुढ्यात घेऊन बराच वेळ बसला. चारपाच तारखा त्याच्या मनात येऊन गेल्या, आणि त्यातली कुठलीही लिहिली असती तरी खपली असती. शेवटी त्याने लिहिलं: अक्का, यंदा आकडे रोज बदलतात. पाऊस कधी येईल ते मला कळत नाही. तुला जे दिसतं त्याप्रमाणे कर. या खेपेला सरलाने काही विचारलं नाही.

पुढचं धोंडूने गुरुदासला चतुर्थीत सांगितलं. तेवीस मेची सकाळ होती, चार घरांच्या बाया कामं टाकून बांधावर जमल्या होत्या, जानकीसुद्धा. धोंडूने कार्ड वाचलं आणि त्यालाच कसंसं झालं. एवढा बंगळूरला बसलेला माणूस, आणि कळत नाही म्हणून लिहितो. अक्काने ते त्याला पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना तिने डोळे मिटले होते. मग तिने पदर खोचला आणि जानकीकडे पाहिलं.

"आता शिकलो गो माझो भाव," ती म्हणाली, आणि फळी उचलून मीठ ओढायला वाफ्यात उतरली.